फरशीखालचा गाळ

"सापडली! झुबेर, अरे सापडली खूण!"

शर्वरी मगदूम इतक्या मोठ्यानं ओरडली की समोरच्या घरात मागावर बसलेली बाई हातातला धोटा तसाच धरून दारात आली. विणकर आळीतल्या राजक्का चिलवेरींच्या घरामागे शर्वरी भिंतीशी गुडघे टेकून बसली होती. कोपरांपर्यंत हात मातीनं भरले होते. तळहाताएवढ्या वाचकयंत्राच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वर वर चढत होती. ऑगस्टच्या पुरात भिंतीच्या भेगेत शिरलेला गाळ आता डिसेंबरात खडूसारखा कोरडा झाला होता, आणि त्याच गाळातून ती रेघ निघाली होती.

"चार महिने उन्हात वाळलेला गाळ!" ती म्हणाली. "कुणाचा विश्वास बसेल? दोन आठवड्यांत खूण नष्ट होणार म्हणून आपल्यावर लेख लिहिले होते लोकांनी!"

झुबेर काझी, तिचा सहकारी, हसत हसत जवळ आला. पुण्यातल्या एका जलविज्ञान संस्थेत दोघं मिळून 'जलखुणे'वर काम करत होती. कल्पना सांगायला सोपी होती. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ. प्रयोगशाळेत ती हव्या त्या क्रमानं गुंफता येते. अशी माळ कुठल्याही जिवाची नसते, ती कुणाला रोग देत नाही की वाढत नाही. ती फक्त एक नाव असते. ते नाव काचेच्या कवचात बंद करायचं, आणि कवच इतकं बारीक करायचं की चिमूटभरात अब्जावधी मावतील. पाण्यात सोडलं की ते पाण्याबरोबर वाहतं, पाणी ओसरलं की गाळात बसून राहतं. पुढे कधी तो गाळ औषधात घोळवून काच विरघळवली आणि आतल्या माळेच्या भरपूर प्रती काढल्या, की यंत्र त्या पाण्याचं नाव वाचून दाखवतं. हे पाणी कुठून आलं, कुठल्या दरवाज्यातून सुटलं, ते कळतं.

गळती आणि पाणीचोरी शोधायला हे तंत्र काढलं होतं. त्याचा पहिला प्रयोग रेवतपुरात झाला, कारण रेवतपूरचे नगराध्यक्ष रणधीर मगदूम हे शर्वरीचे सख्खे थोरले भाऊ. "जगात पहिल्यांदा होणार असेल तर माझ्याच गावात होऊ दे," असं म्हणून दादानं सगळ्या परवानग्या मिळवून दिल्या होत्या. भोरणी नदीवरच्या बंधाऱ्याला आणि कालव्याच्या प्रत्येक दरवाज्याला तेव्हा खुणेची एकेक पेटी बसली होती.

"नाव काय दाखवतंय?" झुबेरनं विचारलं.

शर्वरीनं पडदा पुसला. "नाल्याकडचा दरवाजा."

झुबेरचं हसू थांबलं. "तो तर पुरात मोडला होता ना?"

"हो. लोंढ्यानं वाकवला."

"मग पेटी उघडली कशी?"

शर्वरीनं हातांवरची माती झटकली. पेटी तिनं स्वतः बसवली होती, दरवाजा उचलणाऱ्या मोटरच्या दांड्यावर. दांडा फिरला तरच पेटीचं तोंड उघडायचं. लोंढ्यानं दरवाजा मोडला असता तर पेटी बंदच राहिली असती. आणि मोटर सुरू व्हायला दोन गुप्त आकडे लागायचे. एक दरवाजाचालकाचा आणि दुसरा पूरसमितीच्या अध्यक्षांचा, म्हणजे नगराध्यक्षांचा.

मघाचा आनंद अजून ओसरला नव्हता आणि त्यातच भीती मिसळली होती.

*

ऑगस्टमधल्या त्या दुपारी विणकर आळीत पाणी शिरलं, तेव्हा शर्वरी पुण्यात होती. नंतर सगळ्यांनी ऐकलं ते असं. कालवा तुडुंब भरला, नाल्याकडचा दरवाजा लोंढ्यानं मोडला, पाणी उतारानं थेट आळीत गेलं आणि मागाहून नदीही चढली. माणसं वाचली, पण घरं छपरापर्यंत बुडाली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले माग गाळात सडले. कुणाच्या मुलीच्या लग्नाची नऊवारी लुगडी विणून तयार होती, ती नाल्याच्या बाभळींना लटकलेली सापडली.

चौकशी झाली. दरवाजाचालक दत्तू कोळेकर यानं दरवाज्याची देखभाल केली नाही म्हणून तो मोडला, असं ठरलं. दत्तू सांगत राहिला की दरवाजा मोडला नाही, साहेबांच्या, म्हणजे नगराध्यक्षांच्या, सांगण्यावरून उघडला होता. पण साहेबांनी नाही म्हटलं. आकड्यांची नोंद ठेवणारं यंत्र पाण्यात गेलं होतं, आणि दरवाजा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाकलेला होता. दत्तू निलंबित झाला. त्याच्या विरुद्ध सगळ्यात जड गेली ती एक गोष्ट: पाणी यायच्या आधी तो आळीत ओरडत धावला होता. स्वतःची चूक ठाऊक असल्याशिवाय कोण धावेल, असं अहवालात म्हटलं होतं.

शर्वरी आणि झुबेर आळीतल्या घराघरांत गेली. भेगांतला, उंबऱ्याखालचा, गणपतीच्या कोनाड्यातला गाळ त्यांनी कांद्याच्या पातळ पापुद्र्यांसारखा सोलून वेगवेगळा तपासला. प्रत्येक ठिकाणी उत्तर तेच. सगळ्यात खालच्या थरात फक्त दरवाज्याची खूण होती. बंधाऱ्याची, म्हणजे नदीच्या पाण्याची, खूण वरच्या थरात होती. याचा अर्थ दरवाजा आधी उघडला होता आणि नदी नंतर चढली होती. लोंढ्यानं दरवाजा वाकवला असेल, पण उघडा असताना.

दत्तू आता एका वीटभट्टीवर गाड्या भरत होता. शर्वरीनं त्याला गाठलं.

"ताई, मी तेच सांगत होतो की," तो म्हणाला. "साहेबांचा फोन आला. कालवा उतरव म्हणाले. मी म्हटलं, साहेब, खाली आळी आहे. ते म्हणाले, घोट्याएवढं येईल, मी बघतो. मी माझा आकडा दाबला, त्यांनी फोनवरून त्यांचा दाबला. मोटर फिरली."

"आणि तुम्ही आळीत का धावलात?"

दत्तूनं तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "पाणी कुठं जाणार ते मला ठाऊक होतं, ताई. मग काय उभा राहणार होतो?"

परतताना झुबेर गाडी चालवत होता. वीटभट्टी मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे. तू म्हणशील तसं. पण मला खोटं लिहायला सांगू नकोस."

"नाही सांगणार," शर्वरी म्हणाली. "आधी मला त्याला भेटू दे."

*

रणधीर मगदूमांचं कार्यालय नव्या व्यापारी संकुलात वरच्या मजल्यावर होतं. संकुल म्हणजे त्यांचं स्वप्न होतं. तळघरात शीतगृह, वर दुकानं, गच्चीवर सौरपट्ट्या. पुराच्याच आठवड्यात मंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटन ठरलं होतं, आणि ते झालंही. कालवा संकुलाच्या मागूनच जात होता.

"ये शरू! चहा सांगतो. चेहरा असा का गं? जेवलीस का?"

वडील गेल्यावर दादानं कॉलेज सोडून खतांचं दुकान सांभाळलं होतं, तिचं शिक्षण व्हावं म्हणून. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आजही तो ते बोलणार नाही, हे तिला माहीत होतं आणि त्यामुळेच पुढचे शब्द जड झाले.

"दादा, नाल्याकडचा दरवाजा तू उघडायला सांगितलास?"

रणधीरांनी हातातला कप खाली ठेवला. "दत्तूकडे गेली होतीस का?"

"त्याच्याकडे नंतर गेले. आधी गाळ तपासला. दरवाज्याची खूण आळीभर आहे. मोटर फिरल्याशिवाय ती सुटत नाही."

रणधीर खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली भाजीवाल्यांचे विजेवरचे टेम्पो लागत होते, त्यांच्याकडे ते पाहत राहिले.

"तळघरात पाणी शिरायला लागलं होतं," ते शेवटी म्हणाले. "दोन दिवसांवर उद्‌घाटन. सगळी यंत्रं खाली. कालवा थोडा उतरवला की निभावलं असतं. घोट्याएवढं पाणी आलं असतं आळीत, पंपानं काढलं असतं. नदी अशी चढेल हे कुणाला माहीत होतं?"

"मग तसं सांगायचं होतंस."

"कुणाला? मंत्र्यांना? हार घालताना?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आळीला फरशा घातल्या मी. नवे माग दिले. दत्तूलाही सहा महिन्यांत परत घेणार आहे. सगळं जाग्यावर येतंय शरू."

"दत्तू वीटभट्टीवर आहे."

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग तिच्या समोर बसून हळू आवाजात म्हणाले, "मी तुला खोटं बोल म्हणत नाही. एवढंच लिही की निष्कर्ष निघत नाही. प्रयोगच आहे ना हा? प्रयोगात असं होतंच. तुझ्याशिवाय ती खूण वाचता कुणाला येते?"

शर्वरी उठली. जिना उतरताना दादाचं शेवटचं वाक्य तिच्या कानात घुमत होतं. खरंच, कुणाला वाचता येत होती? कुठल्या माळेचं नाव काय, याची सांकेतिक किल्ली फक्त संस्थेच्या संगणकात होती, आणि तो उघडायची परवानगी तिला एकटीला होती. बाकीच्यांना फक्त अक्षरं दिसली असती, अर्थ नाही. ती बोलली तर लोक बहीणभावाचं भांडण म्हणणार. नाही बोलली तर सगळं तिथंच संपणार. दोन्ही वेळा गावानं तिच्या एकटीच्या तोंडाकडे बघत बसायचं.

संकुलाच्या दारात ती थांबली. भर दुपार होती. तिनं झुबेरला फोन लावला.

"किल्ली खुली करायची," ती म्हणाली. "सगळी. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक बंधारा. वाचायची रीतसुद्धा."

"संस्था परवानगी देईल?"

"तंत्र सरकारी पैशातून झालंय. करारात लिहिलंय, वर्षभरात खुलं करायचं. आपण थोडं लवकर करू."

पलीकडून झुबेर मोठ्यानं हसला. "मी गाडी वळवतो. थांब तिथंच."

*

पुढचे दिवस रेवतपूर नुसतं उसळत होतं.

फोनला जोडायची छोटी वाचकयंत्रं तोपर्यंत गावोगाव झाली होती. दुधातली भेसळ आणि पिकावरचा रोग ओळखायला शेतकरी संघांनी ती घेतली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होती. किल्ली जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या आवारात लोक गाळ घेऊन रांगेत उभे राहिले. कुणी डबीत, कुणी रुमालात, एका आजोबांनी तर पुरात बुडालेला रेडिओच आणला होता. आतला गाळ काढा म्हणाले. पडद्यावर रेघ चढली की टाळ्या पडायच्या. 'नाल्याकडचा दरवाजा' हे शब्द चहाच्या टपऱ्यांवर, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात ऐकू येऊ लागले.

याच सुमारास सह्या सुरू झाल्या. 'लोकप्रतिनिधी उत्तरदायित्व कायदा' राज्यात नुकताच आला होता. पूर्वी निवडून आलेल्या माणसाला गैरवर्तनासाठी पदावरून काढायचं तर नगरसेवक एकत्र यायला हवेत, नाहीतर फाईल मुंबईला जाऊन वर्षानुवर्षं पडायची. नव्या कायद्यानं ठराविक संख्येनं मतदारांनी सह्या केल्या की महिन्याच्या आत 'उत्तरसभा' भरवणं बंधनकारक झालं. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंच, आणि समोर लोकप्रतिनिधी. वकील बाजू मांडू शकतो, पण प्रश्नाचं उत्तर लोकप्रतिनिधीनं स्वतःच द्यायचं. पंचांनी दोषी ठरवलं तर पद जातं आणि पुढची निवडणूक लढवता येत नाही. गुन्ह्याचं काय ते न्यायालय बघतं.

सह्या चार दिवसांत पुऱ्या झाल्या. राज्यातली ही पहिली उत्तरसभा असणार होती.

शर्वरी आईला भेटायला घरी गेली तेव्हा दार रेणुका वहिनींनी उघडलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आई झोपल्यात."

"वहिनी, मी दादाचं वाईट व्हावं म्हणून—"

"माझी मुलगी शाळेत जात नाहीये, शर्वरी. वर्गात तिला दरवाजा म्हणतात." त्यांचे डोळे भरून आले. "तू बरोबर असशील. पण आज आत ये म्हणायला जीभ वळत नाही माझी."

शर्वरी पायरीवर थोडा वेळ उभी राहिली आणि माघारी वळली. वळणावर तिला रडू आलं. तरी किल्ली परत बंद करावी असं एकदाही वाटलं नाही.

*

उत्तरसभा नगरपरिषदेच्या सभागृहात भरली. बाहेर पटांगणात पडदे लावले होते आणि तिथंही जागा नव्हती. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश उज्ज्वला पेंढारकर. बारीक बांध्याच्या, पण माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. पंचांमध्ये एक रिक्षावाले होते, एक शिक्षिका, एक औषधविक्रेते, एक नुकतीच मतदार झालेली मुलगी. नागपूरहून प्राध्यापक नंदिनी वासेकर आल्या होत्या. त्यांचा मगदूमांशी वा शर्वरीशी काही संबंध नव्हता आणि यंत्रही त्यांनी स्वतःचं आणलं होतं.

रणधीर मगदूम पांढऱ्या सदऱ्यात समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकदाच शर्वरीकडे पाहिलं.

त्यांचे वकील सरदेसाई हुशार होते. "खुणेचं शास्त्र मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण किल्ली खुली झाली. आता कुठलीही प्रयोगशाळा हीच माळ बनवून कुणाच्याही भिंतीला फासू शकते. डबीतून आणि रुमालातून आलेल्या गाळावर निवडून आलेल्या माणसाला घरी बसवणार का?"

सभागृहात कुजबुज झाली. मुद्दा खरा होता. आणि किल्ली शर्वरीनंच खुली केली होती.

पेंढारकरांनी तिला साक्षीला बोलावलं. "डॉक्टर मगदूम, किल्ली जाहीर झाल्यावर कुणाचा हात पोचू शकणार नाही, असा त्या पुराचा गाळ गावात कुठे आहे का?"

शर्वरीनं डोळे मिटले. भिंती? नाही. नाला? तो वाहून गेला. मग 'आळीला फरशा घातल्या मी' हे दादाचं वाक्य तिला आठवलं.

"फरशीखाली!" ती म्हणाली. "आळीतल्या घरांना नगरपरिषदेनं दसऱ्याच्या आधी शहाबादी फरशी घातली. गाळ न काढता, त्याच्यावरच चुना-सिमेंट ओतून. ती फरशी उचलली तर खालचा गाळ जसाच्या तसा मिळेल. किल्ली तर डिसेंबरात खुली झाली."

सगळं सभागृह एकदम उठून उभं राहिलं. पेंढारकरांना हातोडा आपटावा लागला.

"कुणाच्या घरची फरशी?" सरदेसाईंनी विचारलं. "साक्षीदार सांगतील त्या घरची नाही चालणार."

"तुम्हीच निवडा," पेंढारकर म्हणाल्या.

गर्दीतून राजक्का चिलवेरी उभ्या राहिल्या. "माझी पण उचला! वकीलसाहेबांची एक आणि माझी एक. माझी फरशी तशीही हलते, पाय ठेवला की कुईं करते!"

पटांगणापर्यंत हशा पिकला. पेंढारकरही हसल्या आणि दोन्ही घरं मान्य झाली.

सगळी सभा चालत आळीत गेली. पंच पुढे, मागे गाव, वर वार्ताहरांचे ड्रोन. सरदेसाईंनी आळीच्या दुसऱ्या टोकाचं घर निवडलं. गवंड्यानं पहार घातली, फरशी करकरत उचलली, चुन्याचा थर फुटला आणि खाली काळाभोर, अजून ओलसर गाळ दिसला. त्यात विणकामाचा एक लाल धागा रुतून बसला होता. प्राध्यापक वासेकरांनी नळीनं थर अलगद काढले आणि तिथंच, ओट्यावर बसून, यंत्र लावलं.

शर्वरी गर्दीत होती. तिला पडदा दिसत नव्हता, फक्त वासेकरांचा चेहरा दिसत होता.

"वरचा थर," वासेकर म्हणाल्या. "बंधाऱ्याची आणि दरवाज्याची, दोन्ही खुणा." त्या थांबल्या. यंत्र पुन्हा घरघरलं. "खालचा थर. फक्त नाल्याकडचा दरवाजा."

राजक्कांच्या घरीही तेच आलं. आळीनं केलेला आवाज पार संकुलापर्यंत गेला असेल.

*

परत सभागृहात सगळे बसले तेव्हा पेंढारकरांनी विचारलं, "श्री. मगदूम, मोटर फिरली होती. दुसरा आकडा तुम्ही दिला होतात का?"

सरदेसाई उठले. पेंढारकरांनी हात वर केला. "इथे तेच बोलतील."

रणधीर उभे राहिले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच ठेवला.

"हो," ते म्हणाले. "दिला होता. संकुलाच्या तळघरात पाणी शिरत होतं. आळीत घोट्याएवढं येईल असं वाटलं. चुकलो."

त्या क्षणी शर्वरीला उठून दादाजवळ जावंसं वाटलं.

कायद्यानुसार ज्याचं नुकसान झालं त्याला एक प्रश्न विचारता येत होता. दत्तू कोळेकर पुढे आला. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"साहेब, आकडा दिलात ते समजलं. घाईत माणूस चुकतो. पण दुसऱ्या दिवशी माझं नाव का घेतलंत?"

रणधीरांनी तोंड उघडलं. त्यांनी दत्तूकडे पाहिलं, मग पंचांकडे, मग खाली. सभागृह वाट पाहत राहिलं. या माणसानं आयुष्यभर भाषणं केली होती, कुठल्याही सभेत त्याला शब्द कमी पडले नव्हते.

बऱ्याच वेळानं पेंढारकर लेखनिकाकडे वळल्या. "लिहून घ्या. उत्तर नाही."

पंचांनी बाजूच्या खोलीत फार वेळ घेतला नाही. एक मत सोडून सगळी मतं पद काढून घ्यावं अशी पडली. निकाल वाचताच बाहेर ढोल वाजू लागले. आळीतल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी दत्तूला खांद्यावर घेतलं आणि तो "अरे उतरवा, पडेन मी!" म्हणून ओरडत होता. गावानं आपणच निवडलेल्या माणसाला समोर बसवून विचारलं होतं आणि त्याला बोलावं लागलं होतं. असं होऊ शकतं, हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

रणधीर मागच्या दारानं निघून गेले. शर्वरी तिथपर्यंत पोचली तेव्हा गाडी वळली होती.

*

वसंतात दत्तू पुन्हा कामावर रुजू झाला. दादावरचा खटला जिल्हा न्यायालयात उभा राहिला. आईचा फोन यायचा, वहिनींचा नाही, दादाचा तर नाहीच.

शर्वरीला मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. राज्यातल्या सगळ्या कालव्यांवर पेट्या बसवायची घोषणा झाली. सांगलीकडून, परभणीकडून, कोकणातून लोक फोन करत होते. आमच्याकडे या, आमचाही गाळ बघा. झुबेरनं जलखुणेची नवी जात काढली होती, तिची नक्कल करता येत नव्हती. दोघं रोज नव्या गावात असायची.

आणि मग पेट्या निघायला लागल्या. आधी एका गावात 'देखभालीसाठी', मग दुसऱ्या गावात 'तांत्रिक कारणास्तव'. एका जिल्ह्यात तर रांगेनं सगळ्या. पेट्या सक्तीच्या कराव्यात की नाही, यावर विधिमंडळाच्या समितीनं सुनावणी ठेवली. समितीतल्या बऱ्याच सदस्यांचा कल कुठे होता, ते वर्तमानपत्रांतून दिसतच होतं. शर्वरी साक्षीची तयारी करत होती. तक्ते, नकाशे, थरांची छायाचित्रं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. पडद्यावर 'दादा' असं नाव आलं.

तिनं फोन उचलला.

"वाचलं पेपरात," रणधीर म्हणाले. "पेट्या काढतायत म्हणे."

"हो."

"काढू देऊ नकोस."

शर्वरी हातातला तक्ता टेबलावर ठेवून उठून उभी राहिली.

"तू उद्या काय दाखवणार आहेस? तक्ते?" त्यांनी विचारलं. "ते लोक तक्ते बघत नाहीत शरू. मी त्यांच्यात पंधरा वर्षं बसलोय. मलाच साक्षीला घेऊन चल. पेटी नसती तर मी आज खुर्चीवर असतो आणि दत्तू भट्टीवर, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू दे."

"दादा, खटला चालू आहे. तू तिथं बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरतील."

"सरदेसाई पण तेच म्हणाले. मग मी त्यांची फी चुकती केली." ते थोडं हसले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "दत्तूनं विचारलं त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. कारण खरं उत्तर फार सोपं होतं. त्याचं नाव घेतलं, कारण तो काही करू शकणार नव्हता. एवढंच. आधी त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे, मग तिथं."

शर्वरीनं टेबलावरचे तक्ते एका हातानं बाजूला सारले. खालच्या रस्त्यावर झुबेर गाडीचा भोंगा वाजवत होता.

"दत्तूकडे जाऊन तयार राहा," ती म्हणाली. "आम्ही तुला घ्यायला येतोय."